आजार खोटा, यातना खऱ्या

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "काय होतंय?" तुम्ही लहान होता तेव्हा या प्रश्नाचे उत्तर कोण देत असे, ते आठवून पाहा. तुम्ही डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीकडे टकमक पाहत बसलेले असायचे आणि आई सांगत असायची, "दोन दिवसांपासून ताप आहे, रात्री अंग फार तापतं, काल दोनदा उलटी झाली." डॉक्टर ते लिहून घेत. रात्रीचा ताप त्यांनी पाहिलेला नसे, उलटीही पाहिलेली नसे. तरी औषधाची दिशा त्या दोन वाक्यांवरून ठरू लागे. तापमापी, स्टेथोस्कोप, रक्ताची तपासणी ही मंडळी नंतर येतात. लहान मुलांच्या डॉक्टरचे पहिले उपकरण म्हणजे आईचा शब्द.

आणि हे उपकरण फार चांगले आहे, बरे का! मुलाच्या रडण्यातला, खाण्यातला, झोपेतला बारीकसा फरक आईला जितका लवकर कळतो तितका कोणत्याही यंत्राला कळत नाही. तपासणीत काही सापडत नसले, पण आई "याचं काहीतरी बिनसलंय" म्हणून हटून बसली असली, तर अनुभवी डॉक्टर त्या मुलाला घाईने घरी पाठवत नाहीत.

पण उपकरण म्हटले की त्याच्या चुकीचा विचार करावाच लागतो. प्रयोगशाळेत तुम्ही व्हर्निअर कॅलिपर हाताळला असेल. त्याचे जबडे पूर्ण मिटले तरी वाचन शून्य येत नसेल, तर तुम्ही पुढे कितीही काळजीपूर्वक मोजमाप केले तरी प्रत्येक वाचन तेवढ्याने चुकणार. दहा वेळा मोजून सरासरी काढली तरी चूक तिथेच. आता कल्पना करा, ही चूक कोणी मुद्दाम घातली असेल तर? डॉक्टर हुशार आहेत, प्रयोगशाळा उत्तम आहे, यंत्रे नवी आहेत. पण पहिला शब्दच खोटा आहे.

असे घडते. फार क्वचित, पण घडते. मुलाचा सांभाळ करणारी व्यक्ती, बहुतेक वेळा आई, नसलेला आजार डॉक्टरांना सांगते, तपासणीच्या नमुन्यात भेसळ करते किंवा मुलाला खरोखरच काहीतरी करून आजारी पाडते, आणि त्याला पुन्हा पुन्हा इस्पितळात आणते. ब्रिटन व आयर्लंडमध्ये १९९२ ते १९९४ या दोन वर्षांत अशा प्रकरणांची देशभर मोजणी झाली. सोळा वर्षांखालील दर एक लाख मुलांमागे वर्षाला ०.५, म्हणजे दोन लाखांत एक, असे प्रमाण निघाले. एक वर्षाच्या आतल्या बाळांत मात्र ते लाखाला २.८ होते. म्हणजे ज्याला बोलता येत नाही, त्याला धोका जास्त.

शरीरावर खोटी खूण उमटवता येते ही गोष्ट आपल्या वर्ध्याकडच्या लोकांना अगदीच नवीन नाही. आपल्या रानातला बिब्बा घ्या. काजूच्या कुळातले हे झाड. त्याची गोडंबी आपण लाडवात घालून खातो आणि त्याचे काळे फळ लिंबू-मिरचीसोबत दाराला टांगतो. फळाच्या सालीत जे तेल असते ते कपड्यावर लागले की धुऊन निघत नाही. म्हणूनच पूर्वी धोबी त्याने कपड्यांवर खुणा करीत. हेच तेल कातडीला लागले तर ती जळते, काळपट होते, फोड येतात. 'भानामती'च्या प्रकरणांत घरातल्या कोणाच्या तरी अंगावर आपोआप फुल्या उमटल्याची बोंब होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना अशा फुल्यांमागे वारंवार हा बिब्बाच सापडला आहे. मारहाणीची खोटी फिर्याद करण्यासाठीही लोक त्याचा उपयोग करीत आले आहेत. इतका, की न्यायवैद्यकाच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत 'खरा मुका मार आणि बिब्ब्याचा मार' यांतला फरक विद्यार्थ्यांना शिकवला जातो.

हा फरक मोठा मजेशीर आहे. खऱ्या माराने कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त साकळते. मग शरीर त्या साकळलेल्या रक्ताची विल्हेवाट लावू लागते. रक्तातल्या हिमोग्लोबिनचे तुकडे होतात. त्यातून आधी बिलिव्हर्डिन नावाचे हिरवे द्रव्य तयार होते, नंतर बिलिरुबिन नावाचे पिवळे. म्हणून क्रिकेटचा चेंडू मांडीला लागला की तो डाग प्रथम लाल, मग निळा-जांभळा, पुढे हिरवट, मग पिवळा होत होत सुमारे दोन आठवड्यांत नाहीसा होतो. बिब्ब्याच्या डागाला हे रंगांचे नाटक जमत नाही. तो पहिल्या दिवसापासून काळपट तपकिरी असतो, खाजतो, कडेला बारीक फोड असतात. तो अशाच जागी असतो जिथे स्वतःचा हात पोहोचतो. आणि हाताच्या बोटांना, नखांच्या कडांनाही तो लागलेला सापडतो.

खरा आजार निसर्गाच्या वेळापत्रकाने चालतो. खोट्या आजाराला ते वेळापत्रक पुरते ठाऊक नसते. तो कुठेतरी हिशेबात चुकतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा; पुढच्या साऱ्या हकिकतीची किल्ली हीच आहे.

बिब्ब्याचे डाग बहुतेक वेळा मोठी माणसे स्वतःच्याच अंगावर उमटवतात. खोटे आजार घेऊन इस्पितळामागून इस्पितळे फिरणाऱ्या अशा माणसांवर रिचर्ड अॅशर या इंग्रज डॉक्टराने १९५१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात लेख लिहिला आणि या प्रकाराला 'मुंचहाउसेनचा विकार' असे नाव दिले. बॅरन मुंचहाउसेन हा अठराव्या शतकातला जर्मन सरदार गप्पा ठोकण्यात पटाईत होता, आणि त्याच्या नावावर खपवलेल्या अचाट थापांचे पुस्तक १७८५ साली लंडनमध्ये निघाले होते. आपल्याकडे असते तर शेखचिल्लीचे नाव दिले असते!

पण १९७७ च्या ऑगस्ट महिन्यात त्याच 'लॅन्सेट'मध्ये जो लेख आला, तो वाचून कोणाला हसू येण्यासारखे नव्हते. लेखक होते इंग्लंडमधल्या लीड्स शहरातले बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो. त्यांनी दोन मुलांची हकिकत दिली होती. खोटा आजार होता, पण तो सांगणाऱ्याच्या नव्हे, मुलाच्या अंगावर लादलेला होता.

पहिली मुलगी सहा वर्षांची. तान्हेपणापासून तिच्या लघवीत अधूनमधून रक्त आणि पू दिसे. कारण कोणालाच सापडत नव्हते. मेडो यांच्याकडे येईपर्यंत ती १२ वेळा इस्पितळात राहिली होती. ६ वेळा तिला भूल देऊन तपासले होते, ५ वेळा दुर्बीण घालून मूत्राशय पाहिले होते, ७ वेळा क्ष-किरणांच्या मोठ्या तपासण्या झाल्या होत्या. आठ निरनिराळी प्रतिजैविके देऊन झाली होती. तिची लघवी जंतूंसाठी दीडशेहून अधिक वेळा तपासली गेली होती आणि १६ तज्ज्ञांनी तिच्या प्रकरणात डोके घातले होते. आई मात्र धीराची, प्रेमळ, डॉक्टरांना सर्वतोपरी मदत करणारी. मुलीजवळून ती हलत नसे.

इथे थोडे थांबा. या मुलीला यातना कोणी दिल्या? भूल, दुर्बिणी, सुया, कडू औषधे हे सारे डॉक्टरांच्याच हातून झाले, आणि तेही चांगल्या हेतूने. या प्रकारातली सगळ्यात भयंकर गोष्ट मला हीच वाटते.

मेडो व त्यांच्या सहकाऱ्यांना एक गोष्ट खटकली. लघवी कधी अगदी खराब, तर काही तासांतच स्वच्छ. शिवाय दर वेळी जंतू निराळेच. मूत्रपिंडाचा कोणताही खरा रोग असे दिवसातून चारदा सोंग बदलत नाही. तेव्हा त्यांनी एक साधा प्रयोग केला. महागडे यंत्र त्यात एकही नव्हते. सात दिवस लघवीचा प्रत्येक नमुना कोणाच्या देखरेखीखाली घेतला याची काटेकोर नोंद ठेवली. एकूण ५७ नमुने झाले. त्यांपैकी ४५ परिचारिकेच्या नजरेखाली घेतलेले. ते सगळे निर्दोष. उरलेले १२ आईने घेतलेले किंवा आईजवळ ठेवलेले. ते सगळे खराब.

तुमच्यापैकी जे अकरावी-बारावीत आहेत आणि क्रमचय-संचय शिकले आहेत, त्यांनी हा हिशेब करून पाहावा. ५७ पैकी १२ नमुने खराब निघायचेच होते असे धरू. ते जर निव्वळ योगायोगाने निघत असतील, तर नेमके आईजवळचेच बारा खराब निघण्याची शक्यता किती? ५७ वस्तूंतून १२ वस्तू किती प्रकारे निवडता येतील ते काढा. उत्तर सुमारे सत्तर हजार कोटी येते. म्हणजे योगायोगाची शक्यता सत्तर हजार कोटींत एक. पुढे नमुन्यातल्या रक्तपेशींतले विकर तपासले तर ते मुलीच्या रक्ताशी जुळेना, आईच्या रक्ताशी जुळले. आई स्वतःची लघवी मुलीच्या नमुन्यात मिसळत होती. मुलीला मुळात काही झालेलेच नव्हते.

दुसऱ्या मुलाची गोष्ट अधिक दुःखाची आहे. त्याला दीड महिन्याचा असल्यापासून उलट्यांचे आणि गुंगीचे झटके येत. झटक्याच्या वेळी त्याच्या रक्तातला सोडियम क्षार फार वाढलेला असे. निरोगी माणसाच्या रक्तात हा क्षार एका ठराविक मापकात सुमारे १३५ ते १४५ इतका असतो. याच्या रक्तात तो १६० ते १७५ पर्यंत जाई.

सोडियम दोन रीतींनी वाढलेला दिसतो. एकतर शरीरातले पाणी कमी होते, किंवा बाहेरून मीठ जास्त येते. आपल्याकडे उन्हाळ्यात हगवण लागलेल्या बाळाचे होते ते पहिल्या प्रकारचे. तुम्ही डाळ उकळत ठेवली आणि पाणी आटले तर ती खारट लागते, मीठ न वाढवता! पण डाळ पाणी आटून खारट झाली की कोणी मीठ जास्त टाकले, हे कसे ओळखाल? पातेले वजनकाट्यावर ठेवा. पाणी आटले असेल तर वजन उतरलेले असणारच.

मुलाचेही तसेच. समजा बाळाचे वजन १० किलो आहे. त्यात साधारण ६ लिटर पाणी असते. मीठ तेवढेच राहून केवळ पाणी गेल्यामुळे सोडियम १४० वरून १७० वर जायचा असेल, तर ६ लिटरचे सुमारे ४.९ लिटर उरले पाहिजे, म्हणजे एक लिटरहून जास्त पाणी गेले पाहिजे. एवढे पाणी गेलेले बाळ वजनकाट्यावर एक किलोने हलके भरेल, त्याचे डोळे खोल जातील, कातडी चिमटीत धरली तर चटकन जागेवर येणार नाही. वजन जर उतरले नसेल, तर पाणी गेलेले नाही, मीठ आलेले आहे. दुसरी साक्ष मूत्रपिंडांची. पाणी कमी पडले की मूत्रपिंडे मीठही धरून ठेवतात आणि लघवीत सोडियम कमी सोडतात. मीठ जास्त झाले की ते बाहेर फेकू लागतात, आणि लघवी सोडियमने भरते. लीड्सच्या त्या मुलाची लघवी सोडियमने भरलेली असे. झटके फक्त घरीच येत. इस्पितळात, आई जवळ नसताना, तो ठणठणीत असे. जमाखर्चाच्या वहीतली चूक सापडली होती. पण त्याला आईपासून दूर ठेवण्याची व्यवस्था होण्याआधीच एका रात्री त्याला शेवटचा झटका आला. तो सव्वा वर्षाचा होता.

मेडो यांनी या प्रकाराला 'दुसऱ्याच्या नावाने केलेला मुंचहाउसेन विकार' असे नाव दिले. अलीकडे डॉक्टर ते नाव टाळतात आणि 'दुसऱ्यावर लादलेला कृत्रिम आजार' असे काहीसे म्हणतात. ते मला बरे वाटते. त्यात गप्पीदास सरदार मध्ये येत नाही आणि भोगणाऱ्याकडे लक्ष जाते.

आई असे का करते? पैशांसाठी नव्हे. बहुतेक प्रकरणांत असे दिसले की आजारी मुलाची आई म्हणून मिळणारे लक्ष, सहानुभूती, डॉक्टर-परिचारिकांच्या जगात मिळणारी जागा यांची तिला अनावर ओढ लागलेली असते. मनाचा हा भाग अजून नीट उलगडलेला नाही, आणि मी पदार्थविज्ञानाचा माणूस असल्यामुळे त्यात फार शिरत नाही. एवढे मात्र वेगळे करून ठेवले पाहिजे की मुलाला इजा करणारे प्रत्येक पालक या प्रकारात बसत नाहीत. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात, तान्ह्या बाळाचे पोट फुगले की पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देतात. त्याला डम्मा म्हणतात. ती इजा भयंकरच, आणि कायद्याने गुन्हाही. पण तिथे आजार खरा असतो आणि आईबापांना तो बरा व्हावा असेच वाटत असते. चटक्यांवर शिक्षणाचा आणि जवळच्या दवाखान्याचा उपाय चालतो. ज्या घरात आजारच घडवला जातो, तिथे दवाखाना जवळ असणे हा उपाय नाही.

खोट्या आजाराने विज्ञानाचीही फसवणूक होते. १९७२ साली अमेरिकेतल्या अल्फ्रेड स्टाइनश्नायडर या डॉक्टरांनी एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. काही बाळे झोपेत अचानक मरण पावतात, त्याचे कारण झोपेत श्वास लांबतो हे असून ही खोड कुटुंबात चालत येते, असे त्यांनी सुचवले. त्यांच्या अभ्यासातली दोन बाळे एकाच घरची होती आणि दोन्ही दगावली. त्या घरातली आधीची तीन मुलेही अशीच गेली होती. या कल्पनेवर श्वास थांबताच घंटा वाजवणारी यंत्रे घरोघरी विकली गेली. १९९५ साली न्यायालयाने त्या आईला पाचही मुलांना गुदमरवून मारल्याबद्दल दोषी ठरवले. ज्या दोन बाळांवर सिद्धांताचा डोलारा उभा होता, ती नैसर्गिक मरणाने गेलीच नव्हती! झोपेतली ही मरणे बऱ्याच देशांत खरोखर कमी झाली ती एका फुकटच्या उपायाने: बाळाला पालथे न झोपवता उताणे झोपवा, एवढेच.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की आकडे आणि नोंदी हाती असल्या की सत्य सापडलेच. आता याच रॉय मेडो यांची पुढची गोष्ट ऐका.

इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क नावाच्या वकील बाईंची दोन तान्ही मुले, एक १९९६ मध्ये आणि दुसरा १९९८ मध्ये, अचानक वारली. दोघांच्या खुनाचा आरोप त्यांच्यावर आला. एव्हाना मेडो यांचा दबदबा मोठा झाला होता. एका घरात असा एक मृत्यू म्हणजे दुर्दैव, दोन म्हणजे संशय आणि तीन म्हणजे खून, असा एक ठोकताळा त्यांच्या नावाने चालू लागला होता. १९९९ साली ते न्यायालयात साक्षीला उभे राहिले. सुखवस्तू, धूम्रपान न करणाऱ्या घरात बाळ असे अचानक जाण्याची शक्यता ८,५४३ त एक. तेव्हा दोन बाळे जाण्याची शक्यता ८,५४३ गुणिले ८,५४३, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक, असे त्यांनी सांगितले. बाईंना जन्मठेप झाली.

हा गुणाकार तुम्हीही शाळेत करता. नाणे दोनदा उडवले तर दोन्ही वेळा छापा येण्याची शक्यता अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे पाव. पण हे खरे केव्हा? पहिल्या नाण्याचा दुसऱ्याशी काही संबंध नसेल तेव्हाच. दोन सख्खी भावंडे म्हणजे दोन वेगळी नाणी नव्हेत. त्यांचे रक्त एक, घर एक, हवा एक. पहिल्या बाळात जन्मजात काही दोष असेल तर तो दुसऱ्यातही असण्याचा संभव वाढतो. म्हणून तो गुणाकारच चुकीचा होता.

दुसरी चूक याहून खोल आहे. कोट्यवधी घरांच्या देशात कोणावर तरी विरळा प्रसंग येणारच. लॉटरीत एका माणसाला पहिले बक्षीस लागण्याची शक्यता लाखांत एक असते, म्हणून ज्याला बक्षीस लागले त्याने लबाडीच केली असे आपण म्हणतो का? दोन्ही बाळांचा नैसर्गिक मृत्यू विरळा, हे खरे. पण आईने दोन बाळांचा खून करणे हेही तितकेच, किंबहुना अधिक, विरळा आहे. तुलना या दोन विरळ गोष्टींची करायला हवी होती. ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये या आकड्याविरुद्ध जाहीर निवेदन काढले. दुसऱ्या बाळाच्या शरीरात जंतुसंसर्ग दाखवणारे अहवाल बचाव पक्षाला दिलेच गेले नव्हते, हेही उघड झाले. २००३ च्या जानेवारीत सॅली क्लार्क सुटल्या. पण त्या खचल्या होत्या; २००७ साली त्यांचे निधन झाले. मेडो यांचे नाव २००५ साली डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढले गेले. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने ते परत घातले, कारण त्यांनी साक्ष प्रामाणिकपणे दिली होती असे ठरले.

आता १९७७ च्या सत्तर हजार कोटींत आणि १९९९ च्या सात कोटींत काय फरक, ते पाहा. दोन्ही आकडे डोळे दिपवणारे, आणि दोन्ही एकाच माणसाच्या कामातून आलेले. पण पहिल्याच्या मागे प्रयोग होता. मुलगी तीच, आठवडा तोच, इस्पितळ तेच. बदलत होती ती एकच गोष्ट, म्हणजे नमुना कोणाच्या हाती आहे. त्यावर रक्ताची स्वतंत्र साक्षही घेतली होती. आकडा नसता तरी चालले असते. दुसऱ्याच्या मागे प्रयोग नव्हता, तुलना नव्हती. होता तो नुसता आकडाच.

संशय घेण्याची घाई किती महागात पडते हे शिकायला आपल्याला इंग्लंडला जायचीही गरज नाही. विदर्भात सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे. तुमच्या वर्गातही एखाद्याला असेल. या आजारात हिमोग्लोबिनच्या साखळीतला एकच दुवा बदललेला असतो आणि प्राणवायू कमी पडला की गोल रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होते. असल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडांत, पोटात, पाठीत जीवघेण्या कळा येतात. बाहेरून मात्र काही दिसत नाही! सूज नाही, जखम नाही, कधीकधी तापही नाही. काल खेळत असलेले पोर आज कोपऱ्यात पाय धरून रडते आणि परवा पुन्हा खेळते. मग घरचे म्हणतात, शाळा बुडवायला नाटक करतो. कधी आईलाच ऐकावे लागते, "तूच त्याचं कौतुक करून आजार वाढवलास."

इथे तडा लावणारा पुरावा रक्ताच्या एका थेंबात असतो. बदललेल्या दुव्यामुळे या हिमोग्लोबिनच्या रेणूवरचा ऋण विद्युतभार दोन एककांनी कमी होतो. ओल्या पट्टीवर तो थेंब ठेवून दोन टोकांना विजेचा दाब दिला की साधे हिमोग्लोबिन धन टोकाकडे पुढे सरकते आणि हे मागे रेंगाळते. लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली हा फरक असाच, विद्युतक्षेत्रात हिमोग्लोबिन सरकवून, दाखवला. पदार्थविज्ञानाच्या तासाला विद्युतक्षेत्र कशासाठी शिकायचे असे विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. आज अशी तपासणी आपल्या जिल्ह्यातही होते. 'दुखतंय' म्हणणाऱ्या मुलाला खोटे ठरवण्याआधी निदान ती तरी झाली पाहिजे.

तेव्हा डॉक्टरांपुढचे काम अवघड आहे. आईवर विश्वास ठेवला नाही तर खरे आजारी मूल मरेल. डोळे मिटून विश्वास ठेवला तर क्वचित एखादे मूल दवाखान्याच्याच सुयांनी छळले जाईल. म्हणून शहाणे डॉक्टर आरोप करीत बसत नाहीत, नोंद करतात. झटका आला तेव्हा जवळ कोण होते? तो डॉक्टर-परिचारिकांनी स्वतः पाहिला की फक्त ऐकला? आधीच्या इस्पितळाचे कागद काय सांगतात? मूल काही दिवस दुसऱ्याच्या देखरेखीत राहिले तर काय होते? एकट्याच्या मतावर न विसंबता चार जणांनी बसून विचार करावा लागतो. आपल्या देशात २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाचा ताबा असलेल्याने त्याला क्रूर वागवणे हा गुन्हा आहे, आणि अशा मुलाला कुठे ठेवायचे हे बाल कल्याण समिती ठरवते.

राहता राहिले तुम्ही. तुम्ही आता तान्हे नाही, तुम्हाला बोलता येते. अशा प्रकरणांत मोठी मुलेही पुष्कळदा गप्प राहिलेली किंवा आईच्या सांगण्याला मान डोलावलेली आढळली आहेत, कारण घर मोडेल ही भीती आणि आईवरची माया. डॉक्टर तुम्हाला थेट काही विचारतील तेव्हा उत्तर तुम्ही द्या. कुठे दुखते, केव्हापासून, त्याआधी काय खाल्ले-प्यायले, कोणते औषध कोणी दिले, जसे असेल तसे सांगा. एकट्याने बोलायचे असेल तर तसे म्हणा, डॉक्टर रागावत नाहीत. आपल्याला किंवा धाकट्या भावंडाला कोणी मुद्दाम आजारी पाडत आहे असे खरोखर वाटत असेल, तर विश्वासाच्या बाईंना किंवा सरांना सांगा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. तो कुठल्याही फोनवरून रात्री-अपरात्री लागतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.